इमारत ते इमारत फायबर: केबल निवडण्यापासून ओटीडीआरच्या रेघेपर्यंत

अक्षांश

दोन इमारती, मध्ये ४२० मीटर अंतर, दोन्हीकडे नेटवर्क स्विच. कॉलेज असो, कारखाना असो की मोठी सोसायटी, गाडी इथेच येऊन अडते. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, मध्ये एक स्विच टाकून कॅट-सिक्स ओढून घेऊ. तांब्यावरच्या इथरनेटची हद्द १०० मीटर, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण अंतर ६० मीटर असलं तरी दोन इमारतींमध्ये तांबं नको. प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज कोसळली की दोन्हीकडच्या अर्थच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि तो फरक त्या केबलमधून वाट काढतो. मग दोन्ही टोकांचे पोर्ट जोडीने जातात. काचेतून वीज वाहत नाही, एवढ्या एका कारणासाठीही फायबर घ्यावं. वेग हा वरचा फायदा.

हेच ४२० मीटरचं काम डोळ्यासमोर ठेवून बोलू. कुठे चुकलो तर टोका.

आधी तंतू. मधोमध गाभा, त्याभोवती काचेचंच आवरण, बाहेरून १२५ मायक्रॉन, आणि त्यावर लेप धरून २५० मायक्रॉन. गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, म्हणून प्रकाश बाहेर न निसटता आतल्या आत पुढे सरकतो. सिंगल मोडचा (प्रकाशाला एकच वाट) गाभा साधारण ९ मायक्रॉन, मल्टिमोडचा (अनेक वाटा) ५०, जुन्या मालात ६२.५. बाहेरचं माप दोघांचंही १२५च, त्यामुळे कनेक्टर कुठलाही कुठेही बसतो. घोटाळ्याला सुरुवात तिथूनच होते. (फील्डवर अख्ख्या तंतूलाच कोअर म्हणतात. पुढे मीही तसंच लिहितोय.)

इमारतीबाहेर पाऊल पडलं की सिंगल मोड, जी.६५२डी मानकाचा, दुसरा विचार नको, असं माझं मत. १० गिगाबिट वेगावर मल्टिमोडच्या एकेका प्रतीची मजल बघा: ओएम१ ३३ मीटर, ओएम२ ८२, ओएम३ ३००, ओएम४ ४००. आपल्या ४२० मीटरला यातलं एकही पुरत नाही. सिंगल मोडवर तेच १० गिगा एलआर मॉड्यूलने (स्विचमध्ये बसणारा, प्रकाश सोडणारा-घेणारा लांब पल्ल्याचा भाग) १० किमी जातं, आणि उद्या १०० गिगा हवं झालं तर दोन्हीकडची मॉड्यूल बदलायची, जमिनीतल्या केबलला हात लावायचा नाही.

कोअर किती? लिंकला लागतात २. टाका १२. पैसा खोदाईत जातो, काचेत नाही. आणि बाराच्या बारा कोअर दोन्ही टोकांना पिगटेलला (एका टोकाला कनेक्टर असलेला छोटा तंतू) जोडून घ्या. "सध्या दोनच जोडू, बाकीच्या पुढे बघू" म्हणून गुंडाळून ठेवलेल्या कोअर गरजेच्या दिवशी ट्रेमध्ये तुटलेल्या सापडतात.

केबलचा प्रकार: डक्टमधून (जमिनीतल्या नळीतून) जाणार असेल तर लूज ट्यूब (आतल्या नळीत तंतू मोकळे), मध्ये एफआरपीचा (काचतंतू-प्लास्टिकचा) रॉड, धातू अजिबात नाही. थेट मातीत जाणार असेल तर पन्हाळीदार पोलादी पट्टीचं आर्मर. आर्मर आलं की विजेचा मघाचा मुद्दा मागच्या दाराने परत आत येतो, म्हणून ते इमारतीत शिरताना अर्थ करावं लागतं. हे काम दहातल्या नऊ ठिकाणी राहून जातं. त्यापेक्षा डक्ट टाकलेली बरी.

जोडारी

धागा कामाचा. टाकणीबद्दल माझी भर.

केबलचा ड्रम आला की आधी ड्रमवरच ओटीडीआर (तंतूत दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) लावा. बाराही कोअर, एका टोकाकडून. वाहतुकीत ड्रम आपटला असेल तर ते तेव्हाच कळतं. केबल ओढून झाल्यावर कळलं तर पुरवठादार म्हणणार तुम्ही तोडली, तुम्ही म्हणणार तशीच आली. ड्रम टेस्टची फाइल जपून ठेवा.

डक्ट एचडीपीई ४०/३३, म्हणजे बाहेरून ४० मिमी, आतून ३३. सरकारी दूरसंचार कामात खोली १.६५ मीटर धरतात. आवारात तेवढं कुणी खोदत नाही, पण मीटरभर तरी जा आणि वर फूटभर अंतर ठेवून सूचनापट्टी पसरा. जेसीबीवाल्याला केबल दिसत नाही, पट्टी दिसते.

ओढताना दोर कशाला बांधता यावर सगळं आहे. बाहेरच्या काळ्या सालीला बांधून हिसडा दिला की साल लांबते, आतले तंतू मागेच राहतात. दोर बांधायचा मधल्या एफआरपी रॉडला आणि अरॅमिडच्या पिवळ्या धाग्यांना, मध्ये फिरता हुक घालून. हुक नसेल तर दोराचा पीळ केबलमध्ये उतरतो. किती ताण चालेल हे डेटाशीटवर न्यूटनमध्ये दिलेलं असतं, ते बघा. चार माणसांनी "हेईसा" करून ओढलेली केबल त्याच्या पलीकडे सहज जाते.

वळण: ओढताना केबलच्या व्यासाच्या २० पट, बसल्यावर १० पट. १२ मिमीची केबल असेल तर ओढताना २४० मिमी त्रिज्येपेक्षा आवळ वळण नको. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो दिसला की काम थांबवा, त्या जागी चेंबर बांधून घ्या.

प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक चेंबरमध्ये १० मीटरचा वेढा सोडा. आज तो फुकट वाटतो. मध्ये केबल तुटली की वेढा ओढून घेऊन एका जॉइंटमध्ये काम होतं. वेढा नसेल तर मध्ये नवा तुकडा टाकून दोन जॉइंट, दोन क्लोजर (जोड झाकणारे डबे).

डक्टची तोंडं दोन्हीकडून बंद करा. पावसाचं पाणी आणि घूस, दोघांची वाट एकच. केबलबरोबर एक रिकामी नायलॉन दोरी आत सोडून ठेवायला विसरू नका, पुढची केबल तिच्यावरच ओढली जाते.

भिंगरी

मल्टिमोडला एकदम वाळीत टाकू नका हो. एका सर्व्हर रूममध्ये, रॅक ते रॅक ३० मीटर, तिथे ओएम४ आणि ८५० नॅनोमीटरची एसआर (कमी पल्ल्याची) मॉड्यूल हा सरळ हिशेब आहे. मल्टिमोडची मॉड्यूल स्वस्त, वीज कमी खातात, आणि गाभा मोठा असल्याने धुळीचा कण थोडा तरी खपतो. ४० आणि १०० गिगाला एमपीओ (एकात अनेक तंतूंच्या) कनेक्टरची चलती तिथेच आहे.

अक्षांश

@भिंगरी, रॅक ते रॅक मान्य. म्हणूनच वाक्यात "इमारतीबाहेर" घातलं होतं. फक्त एकाच ठिकाणी दोन्ही जाती नांदत असतील तर रंग पाळा: सिंगल मोड पिवळी, ओएम१ आणि ओएम२ नारिंगी, ओएम३ आकाशी, ओएम४ आकाशी किंवा जांभळट, ओएम५ पोपटी. सिंगल मोडच्या लिंकमध्ये ५० मायक्रॉनची एक पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी वायर) घुसली की ५० च्या गाभ्यात पसरलेला प्रकाश पुढे ९ च्या गाभ्यात शिरायला बघतो. नुसत्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर काढलं तरी १५ डीबी (डेसिबल, प्रकाश किती घटला त्याचं माप) गेले. उलट दिशेने, ९ मधून ५० मध्ये, फारसं काही जात नाही. त्यामुळे एका बाजूचं रीडिंग ठीक, दुसऱ्या बाजूला अंधार, असं कोडं पडतं. आणि कारण असतं दोन मीटरची नारिंगी वायर.

पिवळी_पॅचकॉर्ड

माझ्या नावाचा उल्लेख झालाच आहे तर टोकांबद्दल लिहिते.

केबल थेट स्विचमध्ये जात नाही. ती रॅकमधल्या एलआययूत (तंतू जोडायच्या पेटीत) शिरते, तिथे ट्रेमध्ये पिगटेलशी जोडली जाते, पिगटेल ॲडॉप्टरला आतून लागते, आणि ॲडॉप्टरच्या बाहेरून पॅचकॉर्ड स्विचकडे जाते. काळी बाहेरची केबल इमारतीत फार आत नेऊ नका, तिची पॉलिथिनची साल आगीत पेट घेते. दारापाशीच एलआययू ठेवा किंवा तिथून पुढे एलएसझेडएच (कमी धुराच्या, हॅलोजन नसलेल्या) सालीची केबल घ्या.

कनेक्टर दोन आठवले तरी पुरे. एससी चौकोनी, त्याचा फेरूल (तंतू धरणारी टोकाची नळी) २.५ मिमी. एलसी लहान, १.२५ मिमी, एसएफपीत (स्विचच्या मॉड्यूलमध्ये) तोच बसतो. एसटी आणि एफसी जुन्या पॅनलवर भेटतात.

रंग इथेही बोलतो. निळा म्हणजे यूपीसी, टोक किंचित गोलसर घासलेलं. हिरवा म्हणजे एपीसी, टोक ८ अंशांनी तिरकं, परावर्तन मागे लेझरकडे जाऊ नये म्हणून. हिरवा निळ्यात घालू नका. बसतो, टिक आवाजही येतो, पण तिरकं टोक सपाट टोकाला नीट भिडत नाही, मध्ये हवेची फट राहते, लॉस वाढतो आणि जोर लावला तर दोन्ही टोकं चरे पडून बाद. कंप्यूटर नेटवर्कच्या एसएफपीला निळा, घरच्या फायबर कनेक्शनला बहुतेक हिरवा.

आता सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सफाई. गाभा ९ मायक्रॉनचा. त्याच्यावर ४-५ मायक्रॉनचा कण बसला की अर्धी वाट अडली. डोळ्याला तो दिसणारच नाही, इन्स्पेक्शन स्कोपखाली डोंगरासारखा दिसतो. क्रम असा: बघा, पुसा, परत बघा, मग जोडा. वन-क्लिक क्लीनर १.२५ चा वेगळा, २.५ चा वेगळा. ॲडॉप्टरमधून पलीकडचा फेरूलही त्यानेच पुसता येतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरलंत तर नंतर कोरडं पुसा, नाहीतर वाळलेल्या थेंबाचं वर्तुळ उरतं. शर्टाच्या टोकाने पुसणं, फुंकर मारणं, दोन्ही बंद. आणि नवीकोरी पाकिटातली पॅचकॉर्डही पुसूनच लावा, कारण टोपीतलीच धूळ फेरूलवर येते.

टोकात डोळा घालून बघू नका. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही. काही दिसत नाही म्हणजे लेझर बंद आहे असं समजू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ८५० कधीकधी जांभळट ठिपका दाखवतो, १३१० दाखवत नाही.

जोडारी

स्प्लायसिंग (तंतू वितळवून जोडणं) राहिलंय ते मी घेतो.

सामान: साल उतरवायचा कटर, तीन भोकांचा स्ट्रिपर, जेल पुसायला वाइप्स, ९९ टक्क्यांचं आयपीए, लिंट नसलेले टिश्यू, क्लीव्हर (तंतू सरळ कापणारं हत्यार), फ्यूजन मशीन, ६० मिमीचे स्लीव्ह (जोड झाकणाऱ्या नळ्या), आणि तुकडे टाकायला झाकणाची डबी. डबी विनोदाने लिहिलेली नाही. काचेचा तो तुकडा बोटात गेला तर दिसत नाही आणि जेवणाबरोबर पोटात गेला तर आणखी वाईट. स्प्लायसिंगच्या टेबलावर चहा ठेवायचा नाही.

केबलची साल साधारण मीटर-दीड मीटर उतरवा. एफआरपी रॉड एलआययूच्या क्लॅम्पमध्ये आवळा. केबलचा भार रॉडने घ्यायचा, ट्यूबने नाही. ट्यूबला गोल खाच पाडून अलगद ओढा, जेल पुसा, कोअर सुट्या करा. रंगांचा क्रम: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. प्रत्येक केबलवर हाच क्रम असेल असं धरून चालू नका, काही माल वेगळ्या क्रमाने येतो. डेटाशीट बघून मगच पहिला नंबर ठरवा.

पहिलं काम, काहीही सोलायच्या आधी: स्लीव्ह तंतूवर ओवून घ्या. जोड झाल्यावर स्लीव्ह आठवला तर तो जोड तोडण्याला पर्याय नाही. हे सगळ्यांचं होतं.

मग २५० चा लेप ३०-४० मिमी उतरवा. स्ट्रिपर तिरका धरून एकाच संथ ओढीत. थांबत-थांबत ओढलं की काचेवर ओरखडा पडतो आणि तिथूनच तुटते. आयपीए लावलेल्या टिश्यूने दोन-तीनदा पुसा. काच स्वच्छ झाली की टिश्यूतून "चूं" असा बारीक आवाज येतो, तो येईपर्यंत पुसा. आता क्लीव्ह, १६ मिमीवर. आणि क्लीव्ह केल्यावर टोकाला कशाचाही स्पर्श नको, टिश्यूचासुद्धा. पुसणं आधी, कापणं नंतर. उलट केलंत तर मशीन आर्क (काच वितळवणारी ठिणगी) मारताना घाण आत भाजते आणि जोडात बुडबुडा दिसतो.

मशीनच्या पडद्यावर दोन्ही टोकं मोठी दिसतात. कोन १ अंशाच्या वर असेल, काठाला टवका असेल, तर मशीन "चालेल" म्हणालं तरी परत कापा. मशीन ०.०२ डीबी दाखवतं तो अंदाज असतो, चित्र जुळण्यावरून काढलेला. खरा लॉस ओटीडीआरच सांगतो. ओळीने तीन जोड खराब आले तर दोष हाताचा नसतो: क्लीव्हरचं पातं एका खुणेने फिरवा, व्ही-ग्रूव्ह (तंतू बसतो ती खाच) साफ करा, आर्क कॅलिब्रेशन चालवा, इलेक्ट्रोड किती आर्कचे झालेत ते बघा. उंचीवर किंवा दमट हवेत गेलं की आर्क कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागतं. महाबळेश्वरला आणि मुंबईला आर्क एकसारखा पडत नाही.

स्लीव्ह जोडाच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंचा लेप झाकला जाईल असा, आणि मग हीटरमध्ये. बाहेर काढल्यावर थंड होऊ द्या. गरम स्लीव्ह ट्रेच्या खोबणीत दाबला की आतला तंतू वाकलेला गोठतो. ट्रेमध्ये वेढा ३० मिमी त्रिज्येपेक्षा लहान नको.

तिरकस

एवढा खटाटोप कशाला? बाजारात फास्ट कनेक्टर मिळतो, तंतू सोलला, कापला, आत सरकवला, चाप दाबला, झालं. स्प्लायसिंग मशीनचं भाडंही वाचलं.

जोडारी

@तिरकस, घरातल्या ड्रॉप केबलला ठीक. त्याच्या आत काचेला काच टेकलेली असते आणि मध्ये जेल. उन्हाच्या डब्यात जेल सुकतं, तंतू थोडा मागे सरकतो आणि लॉस महिन्या-महिन्याने वाढत जातो. १२ कोअरच्या बॅकबोनला दोन्हीकडे मिळून असे २४ लावले तर पुढची दोन वर्षं लोक तुमचा नंबर फिरवत राहतील.

अक्षांश

आता हिशेब. केबल घेण्याआधी कागदावर हा झालाच पाहिजे.

तंतू: १३१० वर ०.३५ डीबी प्रति किमी, ०.४२ किमीला ०.१५. स्प्लाइस दोन, प्रत्येकी ०.१ धरून ०.२. कनेक्टरच्या जोड्या दोन, प्रत्येकी ०.५ धरून १.०. एकूण १.३५ डीबी. स्टँडर्डची कमाल मर्यादा सैल आहे, कनेक्टरला ०.७५ आणि स्प्लाइसला ०.३. ती धरली तर २.२५. म्हणजे मोजणीत १.४ च्या आत आलं तर काम चोख, २.२५ च्या वर आलं तर कुठेतरी घाण, वळण किंवा वाईट जोड. या आकड्यांत एक गोष्ट बघा: ४२० मीटर काच जेवढी खाते त्याच्या तिप्पट एक कनेक्टर खातो. लोक "केबल कुठल्या कंपनीची" यावर तास घालवतात.

१० गिगा एलआर मॉड्यूलचं किमान ट्रान्समिट -८.२ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), रिसीव्हची हद्द -१४.४. फरक ६.२. आपला लॉस १.३५, शिल्लक पावणेपाच. मजेत चालेल.

"१० किमीचं एवढं चांगलं, मग ४० किमीचं ईआर आणखी चांगलं" असं मात्र करू नका. ईआरचं ट्रान्समिट +४ डीबीएमपर्यंत जातं आणि त्याच्याच रिसीव्हरला -१ च्या वर प्रकाश चालत नाही. ४२० मीटरवर रिसीव्हर आंधळा होणार. घरात पडून होतं म्हणून लावायचंच असेल तर मध्ये १० डीबीचा अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा). काही ठिकाणी पॅचकॉर्ड पेन्सिलीला गुंडाळून प्रकाश कमी करतात. तो जुगाड आहे, आणि त्या वळणावर काच कधी चिरेल ते ती विचारून ठरवत नाही.

भिंगरी

लिंक लागत नसेल तर माझा क्रम, वरून खाली:

पहिलं, दोन कोअर उलट्या करून बघा. एका टोकाचा टीएक्स (प्रकाश सोडणारी बाजू) दुसऱ्या टोकाच्या आरएक्सला (घेणारी बाजू) पोचला पाहिजे. सरळ-सरळ लावलं की टीएक्सला टीएक्स भेटतो. एलसी डुप्लेक्सची क्लिप काढून एकाच टोकाला दोन फेरूलची अदलाबदल करायची. दोन्ही टोकांना केलीत तर मूळपदावर.

दुसरं, स्विचवरच मॉड्यूलचं रीडिंग बघा. बहुतेक मॉड्यूल टीएक्स आणि आरएक्सची पातळी डीबीएममध्ये सांगतात. आरएक्स -४० म्हणजे प्रकाशच नाही. -१३ म्हणजे येतोय पण काठावर, आधी कनेक्टर पुसा. टीएक्सच -३० दाखवत असेल तर लेझर मेलाय किंवा पोर्ट शटडाउन आहे.

तिसरं, दोन्हीकडची मॉड्यूल एकाच जातीची आहेत का. एलआर समोर एसआर कधीच बोलणार नाही. एका कोअरवर चालणारी बायडी मॉड्यूल तर जोडीनेच घ्यावी लागतात, एक १३१० वर बोलणारं, दुसरं १३१० ऐकणारं. दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या कडीचं बायडी लावून दिवसभर केबल तपासत बसण्याचा प्रकार फार होतो.

एक कोअर तुटली आणि दुसरी धड असली तर विचित्र दृश्य दिसतं. एका स्विचला लिंक अप, दुसऱ्याला डाउन, आणि ट्रॅफिक एका दिशेने गडप. यासाठी यूडीएलडीसारखी (एकतर्फी लिंक ओळखणारी) सोय चालू ठेवा, नाहीतर स्पॅनिंग ट्रीचा (लूप रोखणाऱ्या यंत्रणेचा) गैरसमज होऊन लूप बसतो.

कोपऱ्यातला_रॅक

ओटीडीआरवर कुणीच अजून नीट लिहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर.

पॉवर मीटर आणि लाइट सोर्स एकूण लॉस किती ते सांगतात. मोजणी सुरू करण्याआधी पॅचकॉर्डने संदर्भ शून्य करून घ्या, आणि मग ती पॅचकॉर्ड सोर्सच्या बाजूने काढू नका. काढलीत तर शून्य गेलं, परत करा. लॉस "कुठे" आहे हे मात्र ओटीडीआरच सांगतो. तो पल्स सोडतो आणि मागे परतलेल्या प्रकाशाच्या वेळेवरून अंतर काढतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद.

मशीन थेट पॅनलला लावलं तर पहिला कनेक्टर दिसतच नाही, तो मशीनच्या आंधळ्या पट्ट्यात लपतो. म्हणून पुढे लॉंच केबल लावा, ५०० मीटरची असली तर छान, आणि शेवटचा कनेक्टर बघायचा तर पलीकडेही तशीच एक. पल्सची रुंदी ४२० मीटरला १० नॅनोसेकंद. ती रेघेवर साधारण १ मीटर जागा घेते. १ मायक्रोसेकंदाची पल्स १०० मीटर घेते. ती आपल्या लिंकवर लावली तर सगळे इव्हेंट एका ढिगाऱ्यात.

अपवर्तनांक १.४६८ च्या आसपास टाका, केबलच्या डेटाशीटवर असतो. कुणी १.५ ठेवून गेला असेल तर ४२० मीटरला ९ मीटरची चूक. आणखी एक फसगत: ओटीडीआर तंतूची लांबी मोजतो, सालीची नाही. लूज ट्यूबमध्ये तंतू किंचित जास्त लांब असतो, वर चेंबरमधले १०-१० मीटरचे वेढे. त्यामुळे "२३६ मीटरवर तुटली" म्हणून टेप लावून खणू नका. सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. चेंबरमधला आकडा वाचा, आणि शेवटच्या ओळखीच्या इव्हेंटपासून पुढे मोजा.

रेघ वाचताना १३१० आणि १५५० दोन्हीवर घ्या. एखाद्या जागी १३१० वर ०.१ आणि १५५० वर ०.९ दिसलं तर ते वळण आहे: केबल टाय आवळलाय, रॅकच्या दारात पॅचकॉर्ड चिमटलीय, किंवा ट्रेचं झाकण तंतूवर बसलंय. लांब तरंगलांबी वळणातून जास्त निसटते. दोन्हीवर सारखाच लॉस असेल तर जोड खराब. उंच टोकदार सुळका म्हणजे परावर्तन, कनेक्टर किंवा तुटलेलं स्वच्छ टोक. सुळका नसलेली पायरी म्हणजे स्प्लाइस किंवा वळण.

कधीकधी जोडावर रेघ खाली न जाता वर चढते. लॉस उणे! जोडलेल्या दोन तंतूंचं मोडफील्ड (आतल्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी) वेगळं असलं की मागे परतणारा प्रकाश बदलतो, म्हणून ते दिसतं. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढा, ती खरी. एकाच बाजूचा रिपोर्ट देणाऱ्या कंत्राटदाराला दुसऱ्या बाजूचा मागा.

केबल टायवरून आठवलं: रॅकमध्ये फायबरला वेल्क्रो. प्लास्टिकचा टाय नको.

तिरकस

अवांतर: १९७९ साली भारतातली पहिली स्थानिक ऑप्टिकल फायबर जोडणी पुण्यात सुरू झाली, हे धाग्यात आलं नाही म्हणजे पुणेकर झोपलेत. "फायबर ऑप्टिक्स" हा शब्द १९६० मध्ये रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी मोग्याचे. आणि काचेचा तंतू ओढणारा मोठा कारखाना संभाजीनगरजवळ वाळूजला आहे.

अक्षांश

@तिरकस, झोपलो नव्हतो, ४२० मीटरच्या बाहेर पडायचं नाही असं ठरवलं होतं. पडलोच आहोत तर चार्ल्स काओंचंही नाव घ्या. काचेतली अशुद्धी काढली तर २० डीबी प्रति किमीपर्यंत जाता येईल हे त्यांनी १९६६ मध्ये मांडलं, १९७० मध्ये कॉर्निंगने ते करून दाखवलं, नोबेल मिळालं २००९ मध्ये. आज आपण ०.३५ ला नाक मुरडतो.

शेवंती

माझा प्रश्न घरच्या फायबरचा. ओएनटीवर (घरातल्या फायबरच्या पेटीवर) लाल एलओएस (सिग्नल नसल्याचा दिवा) लागतो, जातो, परत लागतो. यातलं काय तपासता येईल?

पिवळी_पॅचकॉर्ड

@शेवंती, ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर असते, ती बघा. जीपॉनमध्ये (घरच्या फायबरची पद्धत) -८ ते -२७ डीबीएम ही हद्द. -२० च्या आसपास असेल तर निवांत, -२६ किंवा -२७ असेल तर काठावर. तिथे आकडा एवढा खाली असण्यात चूक नाही, मध्ये स्प्लिटर (एका तंतूचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा) असतो: १:८ ला साधारण साडेदहा डीबी जातात, १:३२ ला १७.

लाल दिवा येतो-जातो म्हणजे बहुतेक वळण किंवा ढिला कनेक्टर. ओएनटीच्या मागची पॅचकॉर्ड सोफ्यामागे दाबली गेलीय का, खिडकीच्या फटीत ड्रॉप केबल चेपलीय का, हे दोन आधी. हिरवा कनेक्टर काढून परत लावायचा तर खाच बघून, टिक होईपर्यंत. तो बोटाने पुसू नका. दुपारी लागतो आणि रात्री जातो असं असेल तर गच्चीवरच्या डब्यातला फास्ट कनेक्टर, जोडारींनी वर लिहिलंय तसं. तो कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या, "आरएक्स किती आहे" असं विचारूनच तक्रार नोंदवा.

शेवंती

-२६.४ आहे. पॅचकॉर्ड खरंच कपाटामागे चेपली होती, सरळ केल्यावर -२१.८. धन्यवाद.

पिवळी_पॅचकॉर्ड

साडेचार डीबी कपाटाने खाल्ले होते. ती पॅचकॉर्ड तरी बदलून घ्या, तिथे काच एकदा ताणली गेलीय. नवी घेताना जी.६५७ए२ ची मागा, ती ७.५ मिमी त्रिज्येचं वळण सोसते.

भिंगरी

@अक्षांश, एलआययूच्या लेबलचं राहिलं. कोअर नंबर, पलीकडची इमारत, पलीकडचा पोर्ट, तिन्ही दोन्ही टोकांना लिहा. आणि एलआययूच्या झाकणाच्या आत बारा ओळींचा तक्ता: कोअरचा रंग, ओटीडीआरचं दोन्ही बाजूंचं सरासरी रीडिंग, तारीख.

जोडारी

तक्ता लिहिणाऱ्याला एक सांगा. डोक्यावरच्या पिवळ्या बॅटरीच्या उजेडात राखाडी आणि पांढरा सारखेच दिसतात, आणि जेल नीट पुसलं नसेल तर लाल आणि गुलाबीही. पाच-सहा आणि सात-अकरा या जोड्या झाल्यावर रेड लाइट (डोळ्याला दिसणारा लाल लेझर) टाकून पलीकडच्या माणसाला फोनवर विचारा, कुठला पोर्ट उजळला ते. मग झाकण लावा.